तव्यावरचा फवारा: कमी तेलाची बाटली घरच्या घरी

"काहून वं बाई, आता तव्यालेबी फवारणी लागते का?"

तेलाच्या फवाऱ्याची बाटली मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात आणली तेव्हा सासूबाईंनी हे विचारलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, शिवार कपाशी-तुरीचं. इथे फवारा म्हटला की डोळ्यांसमोर पाठीवरचा पंप येतो, तोंडाला बांधलेला दुपट्टा येतो आणि तो वास येतो. स्वयंपाकात फवारा ही कल्पनाच इथे विचित्र वाटते. पण ही गोष्ट मला नीट समजली ती सासूबाईंशी बोलूनच. त्यांचं अर्धं आयुष्य शेतात गेलं. त्या म्हणाल्या, "पान वलं झालं पाह्यजे. खाली टपकलं थे वाया गेलं."

तव्याचं अगदी तसंच आहे. तेल तव्यावर सगळीकडे पोचायला हवं, साचायला नको. एवढं लक्षात आलं की बाजारातल्या 'लो कॅलरी' डब्यात काय असतं, घरी काय करता येतं आणि काय करू नये, हे सगळं उलगडत जातं.

आमच्याकडे हे सुरू झालं ते सासऱ्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं तेव्हा. 'कमी करा' म्हणजे किती कमी, ते कोणी सांगत नाही. हा लेख त्या 'किती'साठी आहे.

तेल हलकं होत नसतं

आधी एक गैरसमज दूर करू. कमी कॅलरीचं तेल असं काही नसतं. फल्लीचं (शेंगदाण्याचं) असो, सोयाबीनचं, सरकीचं, करडीचं की जवसाचं, तेल म्हणजे जवळपास शंभर टक्के स्निग्ध पदार्थ, आणि त्याच्या एका ग्रॅमला 9 किलोकॅलरी (डब्यावर जिला नुसतं 'कॅलरी' म्हणतात तीच). पीठ, साखर, डाळ यांतल्या कर्बोदकांना आणि प्रथिनाला ग्रॅममागे 4. पाकिटावर 'लाइट' लिहिलेलं असलं तरी त्या 9 चे 8 होत नाहीत. 'लाइट' हा शब्द बहुतेक वेळा रंगाबद्दल किंवा चवीबद्दल असतो.

मग फवाऱ्याच्या डब्यावर 'एका फवाऱ्यात एक कॅलरी' असं लिहितात ते खोटं का? खोटं नाही. तो फवाराच इतका छोटा असतो. अमेरिकेत तर नियमच असा आहे की ठरवून दिलेल्या एका वाट्यात 5 पेक्षा कमी कॅलरी असतील तर डब्यावर 'शून्य' लिहिता येतं. वाटा धरायचा पाव सेकंदाच्या फवाऱ्याचा. पाव सेकंदात कोणाचा तवा भरतो? आपण दोन-तीन सेकंद दाबून धरतो आणि शून्य गुणिले काहीही शून्यच, असं समजतो. म्हणून डब्यावरचा आकडा वाचताना आधी तो किती तेलाचा आहे ते पाहावं.

घरात महिन्याला किती तेल जातं याचा हिशोबही सोपा आहे. आपल्याकडच्या एक लिटरच्या पाकिटावर बहुधा 910 ग्रॅम छापलेलं असतं. घरात चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल, म्हणजे माणशी रोज 30 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जो दिवसभराच्या ताटाचा आराखडा दिला, त्यात 2000 किलोकॅलरीच्या आहारात वरून घालायचं तेल-तूप सुमारे 27 ग्रॅम धरलं आहे. आमच्या घरी माणसं पाच आणि तेल सात लिटर लागत होतं. भागाकार केला तर माणशी 42 ग्रॅम. त्यात सणावाराचं तळण धरलेलंच नव्हतं.

एक चमचा तेल तव्यावर काय करतं

पळीने तेल सोडताना हाताला अंदाज असतो असं आपल्याला वाटतं. मी एकदा मोजूनच पाहिलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचं झाकण येतं, त्यावर 5 मिलिलिटरची रेघ असते. ते झाकण स्वच्छ धुऊन फोडणीच्या लहान पळीतलं तेल त्यात ओतलं. तीन झाकणं भरली. म्हणजे 15 मिलिलिटर. 5 मिलिलिटर तेलाच्या साधारण 41 किलोकॅलरी होतात, तेव्हा त्या एका पळीच्या 123.

आता तवा. आमचा तवा 24 सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर एक झाकणभर, 5 मिलिलिटर तेल सारखं पसरलं तर थर होतो 0.11 मिलिमीटरचा. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण 0.07 मिलिमीटर असते. म्हणजे केसापेक्षाही जाड थर. धिरडं तव्याला चिकटू नये यासाठी एवढ्याची गरज नसते. ओलं पीठ तापलेल्या लोखंडाला थेट टेकलं की त्यातली प्रथिनं आणि पिष्ट धातूला धरून बसतात. मधे तेलाचा पातळ पडदा असला की ती पकड बसत नाही. शिवाय तवा दिसतो सपाट, पण त्यावर बारीक खाचा असतात. तेल त्या खाचा भरून काढतं आणि आच सगळीकडे सारखी पोचते.

पण चमच्याने ओतलेलं तेल सारखं पसरत नाही. मधे तळं साचतं आणि कडेला कोरडं राहतं. कडेला धिरडं चिकटतं. मग आपण कडेने आणखी तेल सोडतो. खरं म्हणजे ते जास्तीचं तेल धिरड्याला नको असतं, आपल्याला ते नीट पसरवता येत नाही म्हणून लागतं. फवारा एवढंच काम करतो, पसरवायचं. माझ्या बाटलीच्या तीन दाबांत 0.45 मिलिलिटर तेल पडतं. त्याच तव्यावर त्याचा थर होतो 0.01 मिलिमीटरचा, केसाच्या सातव्या हिश्शाएवढा, आणि तेवढा पुरतो.

रोज चार धिरडी किंवा पराठे, प्रत्येकाला एक झाकण तेल, असं धरलं तर 164 किलोकॅलरी. त्याच चारांना तीन-तीन दाब दिले तर 15. महिन्याचं तेल 600 मिलिलिटरवरून 54 वर येतं. अर्धा लिटर तेल फक्त तव्यावरून वाचलं.

विकतच्या डब्यात काय असतं

विकतचे फवारे दोन जातींचे. एक म्हणजे दाबलेल्या वायूचा डबा, ज्याचं बटण दाबलं की फुस्स करून तेल बाहेर येतं. त्यात तेल, थोडं लेसिथिन आणि तेल बाहेर ढकलायला बहुधा ब्यूटेन किंवा प्रोपेन वायू असतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये जो वायू असतो तो याच दोघांचं मिश्रण. त्यामुळे हा डबा चुलीजवळ, उन्हात, मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नये. संपला तरी टोचू नये, जाळू नये. आणि तो घरी पुन्हा भरता येत नाही. त्याला भोक पाडून तेल भरण्याचा विचारही मनात आणू नका.

दुसरी जात हातपंपाची बाटली. परदेशात 'एका फवाऱ्याला एक कॅलरी' म्हणून विकतात त्या बहुतेक अशाच. त्यात तेलाच्या जोडीला पाणी असतं. तेल-पाणी एकत्र राहावं म्हणून लेसिथिन, घट्टपणासाठी एखादा डिंक आणि थोडा अल्कोहोल. अल्कोहोल मिश्रण पातळ ठेवतो आणि टिकवतोही.

लेसिथिन हा शब्द परका वाटतो, पण वस्तू आपल्या शिवारातली आहे. आपलं सोयाबीन तेलाच्या कारखान्यात गेलं की कच्च्या तेलात थोडं पाणी घालून त्यातला चिकट भाग फुगवतात आणि वेगळा काढतात. तो चिकट भाग वाळवला की सोया लेसिथिन. अंड्याच्या पिवळ्या बलकातही तेच असतं. लग्न जुळवणारा मध्यस्थ कसा दोन्ही घरांत उठबस असलेला असतो, तसं याचं आहे. लेसिथिनच्या कणाचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. तेलाच्या बारीक थेंबाभोवती हे कण दाटीने उभे राहतात, आणि तो थेंब पाण्यात तरंगत राहतो, दुसऱ्या थेंबाला जाऊन मिळत नाही. दुधातली साय एकदम वर येत नाही, त्यामागेही असेच मध्यस्थ असतात.

घरी करायचं तर पाणी घालावं का?

घरगुती कृती सांगणारे बहुतेक जण सांगतात: एक भाग तेल, तीन-चार भाग पाणी, बाटलीत भरा, हलवा, मारा. मीही तसंच केलं. पहिल्या फवाऱ्यात तव्यावरून नुसती वाफ उठली आणि धिरडं असं चिकटलं की उलथन्याने खरवडून काढावं लागलं. कारण नंतर लक्षात आलं. तेल पाण्यावर तरंगतं, आणि बाटलीतली नळी तर तळाला टेकलेली असते. बाटली दोन मिनिटं उभी राहिली की नळीच्या तोंडाशी पाणीच. मी तव्यावर पाणी मारत होते.

हलवून लगेच मारलं तर मिश्रण येतं, पण लेसिथिन नसेल तर ते काही क्षणांत फुटतं. खाण्याचं द्रव लेसिथिन ऑनलाइन मिळतं, आमच्या तालुक्याच्या बाजारात मला मिळालं नाही. ते मधासारखं चिकट असतं. कोमट केलेल्या तेलात आधी ते विरघळवायचं, 25 मिलिलिटर तेलाला पाव चमचा, आणि मग उकळून गार केलेलं पाणी 75 मिलिलिटर थोडंथोडं घालत जोरात हलवायचं. दुधट पांढरं मिश्रण होतं. त्याच्या एका दाबात तेल चौथा हिस्साच असतं. पण मग तवा ओला करायला दाबही जास्त लागतात, हे कोणी सांगत नाही. तीनाच्या जागी दहा-बारा दाब मारले की हिशोब पुन्हा तिथेच येतो.

आणि पाण्याचा खरा त्रास निराळाच आहे. निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना पाणी लागतं. तेलात पाणी घातलं की आपणच ती सोय करून देतो. मे महिन्यात आमच्या भागात पारा 45 च्या वर जातो, लाइट तासन्‌तास नसते, तेव्हा फ्रिजचाही भरवसा नाही. विकतच्या बाटलीत टिकवण्याचा बंदोबस्त असतो, आपल्या बाटलीत नसतो. म्हणून पाण्याचं मिश्रण करायचंच असेल तर लागेल तेवढंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं, दोन-तीन दिवसांत संपवावं, वास जरा बदलला तर टाकून द्यावं. तव्यावर मारताना तवा गार असताना मारावं आणि चुरचुर थांबेपर्यंत तापू द्यावं. तापलेल्या तव्यावर मारलं तर पाण्याची एकदम वाफ होते आणि तेल अंगावर उडतं.

माझं स्पष्ट मत असं आहे की गावातल्या घरासाठी नुसत्या तेलाची बाटलीच बरी. ना पाणी, ना लेसिथिन, ना अल्कोहोल. कॅलरी कमी करायचं काम नोझल, म्हणजे फवाऱ्याचं बारीक तोंड, करतं, ते करायला पाण्याची गरज नाही.

नोझलचं गणित

घरोघरी कोरोनाच्या काळातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या पडून आहेत. सगळ्यात आधी हात तिकडेच जातो. त्यात तेल भरलं तर फवारा येत नाही, सरळ पिचकारी येते. बिघाड बाटलीत नसतो. तेल पाण्यापेक्षा घट्ट आहे आणि साधंसुधं नाही, पन्नास-साठपट घट्ट.

हातपंपाच्या बाटलीत एक छोटा दट्ट्या, एक स्प्रिंग आणि दोन झडपा असतात. दट्ट्या दाबला की आतलं द्रव पुढे ढकललं जातं, सोडला की तळातून नळीवाटे नवं द्रव वर येतं. पुढे नोझलच्या टोपीत बारीक तिरक्या खाचा असतात. त्यांतून जाताना द्रव गरगर फिरतं आणि बाहेर पडताना छत्रीसारखं पसरतं. ती छत्री ताणून फाटते आणि तिचे थेंब होतात. शेतातल्या पंपाच्या नोझलमध्ये गोल चकती असते, तिचंही काम हेच. पण द्रव घट्ट असलं की ते गरगरणं मधेच मावळतं, छत्री उघडतच नाही. म्हणून पिचकारी.

यावर उपाय म्हणजे तेलासाठीच बनवलेली बाटली घ्यायची. ती दोन प्रकारची मिळते. एक घोडा दाबायची, तिची झडप जरा मोठी असते. दुसरी हवेच्या दाबाची, जिचं झाकण वरखाली करून आत हवा भरायची आणि मग बटण दाबायचं, अगदी शेतातल्या पंपासारखी. तिच्यात तेल निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण वरची हवाच ढकलायचं काम करते. गळ्यापर्यंत भरली की दाब टिकत नाही आणि लोक म्हणतात बाटली खराब निघाली. काच असेल तर उत्तम, कारण धुऊन वास जातो. शंभर-दोनशे मिलिलिटरपेक्षा मोठी नको.

हंगामाचाही फरक पडतो. मे महिन्यातल्या गरमीत तेल 25 अंशांच्या मानाने जवळपास निम्मं पातळ होतं, फवारा सुरेख येतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तीच बाटली धार सोडते. तेव्हा ती कोमट पाण्याच्या गंजात (पातेल्यात) पाच मिनिटं उभी ठेवायची. चुलीजवळ ठेवून गरम करायची नाही.

फवारा कसा येतो हे पाहायला रद्दीचा कागद पुरतो. वीतभर अंतरावरून त्यावर एक दाब मारा. कागदावर तेल पडलं की तिथे आरपार उजेड दिसतो. तळहाताएवढा ठिपक्याठिपक्यांचा डाग आला तर बाटली कामाची. रुपयाएवढा एकच डाग आला तर नोझल धुवायला झालं. मी हा कागद खिडकीच्या उजेडात धरून सासूबाईंना दाखवला. त्यांनी ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, "हे बराबर आहे. कपाशीच्या पानावर असंच दिसते."

आता आपल्या बाटलीचं माप. औषधाच्या त्याच झाकणात 5 मिलिलिटरची रेघ येईपर्यंत दाब मोजत जा. माझ्या बाटलीला 33 लागले. 41 भागिले 33, म्हणजे एका दाबाला सव्वा किलोकॅलरी. तुमच्या बाटलीला 20 लागले तर एका दाबाला दोन. कोणत्याही डब्यावरच्या छापील आकड्यापेक्षा हा आकडा खरा, कारण तो तुमच्या हाताचा, तुमच्या तेलाचा आहे.

कोणतं तेल

रोजचंच तेल चालतं, पण सगळंच नाही. घाण्याचं फल्लीचं तेल चवीला सुरेख, पण त्यात गाळ असतो आणि नोझलचं भोक त्याने बुजतं. ते दोन-तीन दिवस निवळू द्यावं, वरचं तेल दुहेरी सुती कापडातून गाळावं, मगच भरावं. पामतेल थंडीत थिजतं, ते नको. तळून उरलेलं तेल तर मुळीच नको. त्यात बारीक जळकट कण असतात, आणि पुन्हापुन्हा तापवल्याने तेलात नको ते पदार्थ तयार होतात. हॉटेलवाल्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून मर्यादाच घातली आहे, असे ध्रुवीय पदार्थ 25 टक्क्यांवर गेले की तेल बाद.

जवसाच्या तेलाबद्दल मुद्दाम सांगते, कारण ते आपल्या विदर्भाचं जुनं तेल आहे. बाटलीत ते भरू नका. जवसाचं तेल हवा लागली की वाळतं, म्हणजे त्याचा चिवट पापुद्रा बनतो. रंगकाम करणारे ते याच गुणासाठी वापरतात. नोझलमध्ये एकदा वाळलं की ती बाटली गेलीच समजा. त्याच गुणामुळे नवा लोखंडी तवा तयार करायला मात्र ते फार चांगलं. कापडाच्या बोळ्याने अगदी पुसट लावून तवा तापवायचा, चार-पाच वेळा. अशा तव्याला पुढे फवाराही कमी लागतो.

नॉनस्टिक तव्यावर मात्र जपून. इतका पातळ थर जिथे अन्नाखाली झाकला जात नाही तिथे करपतो आणि पिवळट चिकट डाग धरतो. लेसिथिन असलेल्या फवाऱ्याने हे जास्त होतं.

आणि बाटलीत लसूण, मिरची, कढीपत्ता, सांबार (कोथिंबीर) घालून 'चवीचं तेल' करायचा मोह टाळा. लसणासारख्या ओल्या वस्तू तेलात बुडाल्या की त्यांना हवा मिळत नाही, आणि बोट्युलिझमचे जंतू नेमके हवा नसलेल्या जागी वाढतात. त्यांचं विष जीवघेणं असतं आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही.

पुन्हा भरताना

आपल्याकडे बरणी रिकामी व्हायच्या आत वरून भर घालायची सवय आहे. या बाटलीत तसं करू नका. तळाशी उरलेलं तेल हवेने जुनं झालेलं असतं, त्याला खवट वास यायच्या आधीच त्यात बिघाड सुरू झालेला असतो. नवं तेल त्यात ओतलं की तोच बिघाड नव्यातही लवकर पसरतो. बाटली पूर्ण संपवायची, मग धुवायची, मग भरायची.

धुताना गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून बाटली हलवावी, आणि तेच साबणाचं पाणी वीस-पंचवीस वेळा नोझलमधून मारावं. नुसती बाटली घासून उपयोग नाही, जुनं तेल नळीत आणि दट्ट्यात बसलेलं असतं. मग साध्या गरम पाण्याने तेच. मग कोरडे दाब मारून आतलं पाणी काढावं आणि सगळे भाग सुटे करून कापडावर रात्रभर वाळू द्यावेत. पाण्याचा थेंब राहिला तर तेलात तळाशी बसतो, आणि पहिला फवारा त्याचाच येऊन तव्यावर तडतडतो. आमच्याकडे दोन आठवड्यांनी बाटली संपते, शनिवारी रात्री धुतली की रविवारी भरता येते.

भरल्यावर पहिले चार-पाच दाब रिकामे जातात, नळी भरायला तेवढे लागतात. झाकणाभोवतीचं तेल पुसून घ्या, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि मुंग्या लागतात. बाटली फळीवर, अंधाऱ्या जागी.

दोन गोष्टी, ज्यांत चूक चालणार नाही

पहिली आग. पळीतलं तेल सहज पेटत नाही, पण तेच तेल धुक्यासारखं हवेत उडालं की पेटायला क्षण लागत नाही. बारीक थेंबाला चहूबाजूंनी हवा मिळते, म्हणून. आमच्याकडे गॅस आहे, तरी भाकरी चुलीवर होतात, पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशी-तुरीच्या वाळलेल्या काड्या) घालून, आणि तुराटीचा जाळ तव्याबाहेर कसा येतो हे ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. तवा खाली उतरवायचा, आगीपासून दूर नेऊन फवारा मारायचा, मग परत ठेवायचा. तो तवा फार तापून धूर सोडत असेल तर थांबायचं. जवळ लेकरू उभं नको.

दुसरी गोष्ट बाटलीची. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते औषध आपल्या घरांच्या ओसरीत, कोठ्यात असतं, आणि त्याच्या रिकाम्या बाटल्या, छोटे पंप धुऊन घरात वापरायची सवय अजून गेलेली नाही. कीटकनाशकाची, तणनाशकाची, फरशी-काच पुसायच्या द्रवाची, केसांच्या रंगाची, कसलीही बाटली तेलाला वापरू नका. दहादा धुतली तरी नाही. प्लास्टिक ते औषध शोषून ठेवतं, आणि ही औषधं बरीचशी तेलात विरघळणारी असतात. पाण्याने धुऊन जे निघालं नाही, ते तेल हळूहळू बाहेर काढेल. आणि तेलाच्या बाटलीवरही मोठ्या अक्षरांत 'खायचं तेल' अशी चिठ्ठी चिकटवा. शेतातून थकून आलेल्या माणसाच्या हाती अंधारात चुकीची बाटली पडू नये.

फवाऱ्याचं काम नाही ते

फोडणी फवाऱ्याने होत नाही. मोहरी-जिऱ्याला बुडायला तेल लागतं, हळद-तिखटाचा रंग आणि वास तेलात उतरतो. तिथे एक-दोन झाकणं तेल मोजून घ्यावं, पण घ्यावं. रश्श्यावरची तर्री, गोळाभातावर ओतलेलं कडकडीत तेल, यांना पर्याय नाही. ते करायचं त्या दिवशी करावं आणि आवडीने खावं. फवारा धिरडं, थालीपीठ, पराठा, आम्लेट, तव्यावर परतलेली भेंडी-वांग्याची कापं, इडलीचं भांडं, थापलेली पाटोडी यांच्यासाठी.

आणि घरातल्या सगळ्यांचं तेल एकदम तोडू नका. दिवसभर निंदणाला वाकलेल्या बाईला, वाढत्या वयाच्या पोरांना, काडीसारख्या बारीक माणसाला ते लागतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायलाही थोडं तेल-तूप लागतंच. मला बाटलीचा सगळ्यात मोठा फायदा इथेच दिसला. भाजी सगळ्यांची एकाच कढईत होते, तिथे वेगळं तेल करता येत नाही. धिरडं मात्र एकेकाचं वेगळं पडतं. सासऱ्यांच्या धिरड्याला तीन दाब, शेतावर जाणाऱ्या दिराच्या धिरड्याला चमचा. तवा तोच, पीठ तेच, आणि कोणाचं ताट वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

बाटली आणायची नसेल तर अर्धा कांदा काट्याला टोचा, तेलाच्या वाटीत टेकवा आणि तव्यावर फिरवा. सासूबाई हेच करायच्या, त्यांच्या सासूही. तेल फवाऱ्यापेक्षा थोडं जास्त लागतं, पळीपेक्षा पुष्कळ कमी. हल्ली फवारा त्याच मारतात, दाब मोठ्याने मोजत, आणि नोझल अडलं तर शेतातल्या पंपाची चकती काढतात तशी टोपी काढून गरम पाण्यात टाकतात. सुई घालायची नाही, भोक मोठं होते, हेही त्यांनीच मला सांगितलं.